समुद्रकाठची उंडी घाटावर



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'उंडी' एवढा एकच शब्द कळवला. त्यावर त्यांची उलट विचारणा आली, की आपल्याला उंड्री म्हणायचे आहे काय? पुण्याच्या पलीकडचे उंड्री गाव त्यांच्या परिचयाचे. उंडीचे झाड नव्हे. यात चालकांना हसण्याजोगे काही नाही. हीच विचारणा मालवणात किंवा वेंगुर्ल्यात कोणी केली असती, तर मात्र तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी कपाळाला हात लावला असता. तेव्हा आधी ह्या झाडाची ओळख करून देणे आणि मग ते आपल्या रहाटणीत आणावे की नाही, आणावे तर कसे, याचा विचार करणे, एवढेच आजचे काम आम्ही स्वतःकडे घेतले आहे.

उंडी हे समुद्रकाठचे झाड आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून मादागास्कर, आपला कोकण आणि केरळ, श्रीलंका, इंडोनेशिया, असे करत करत थेट पॅसिफिक महासागरातल्या ताहितीपर्यंत ते पसरलेले आहे. एवढा मोठा पसारा एखाद्या सम्राटालाही साधला नाही. आणि उंडीने तो साधला तो बहुतांशी आपल्या फळाच्या जोरावर. फळ गोट्यापेक्षा थोडे मोठे, गुळगुळीत, गोल. कच्चे असताना हिरवे, पिकले की पिवळसर. आत एक कठीण कवच, कवचाच्या आत मऊ बुचासारखा थर, आणि त्याच्या आत बी. हा बुचासारखा थर म्हणजे खलाशाचा तरंगपट्टाच समजा. ओहोटीबरोबर फळ समुद्रात जाते, तरंगत तरंगत दुसऱ्या किनाऱ्याला लागते आणि तिथल्या वाळूत रुजते. माडाची युक्ती हीच आहे. माडाचा गवगवा झाला, उंडीचा झाला नाही.

शास्त्रीय नाव कॅलोफायलम इनोफायलम. लिनियसने १७५३ साली ते दिले. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ 'सुंदर पान' असा आहे, आणि शास्त्रज्ञांनी दिलेल्या नावांपैकी इतके सरळ आणि खरे नाव क्वचितच सापडेल. पान वीतभर लांब, जाड, दोन्ही टोकांना गोलसर, आणि वरून तेल लावल्यासारखे चकचकीत. मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना इतक्या बारीक आणि इतक्या जवळजवळ शिरा निघतात, की पान उजेडाकडे धरले म्हणजे कंगव्याचे दाते पाहतो आहोत असे वाटते. ही खूण नीट लक्षात ठेवावी. रोपवाटिकेत काय म्हणून काय गळ्यात मारतील याचा नेम नसतो. हिंदीत ह्या झाडाला सुलतान चंपा म्हणतात, आणि चंपा म्हटले की आपल्याकडे दहा झाडे पुढे येतात. नावावर न जाता पान उजेडाकडे धरून पाहावे.

फुले पांढरी, चार पाकळ्यांची वाटावीत अशी, मधोमध सोनेरी केसरांचा झुपका, आणि वास मंद, गोड. ज्यांनी सुरंगीचा गजरा हुंगला आहे त्यांना हा वास अगदीच परका वाटणार नाही, कारण सुरंगी, नागचाफा आणि उंडी ही सारी एकाच कुळातली. संस्कृत कोशांत पुन्नाग म्हणून जे झाड येते ते हेच, असे कोशकार सांगतात. चेन्नईच्या मैलापूरला कपालीश्वराचे देऊळ आहे. तिथले स्थलवृक्ष म्हणजे पुन्नै, आपली उंडीच. पार्वतीने मोराच्या रूपात ह्याच झाडाखाली शिवाची आराधना केली, अशी तिथली कथा. तिकडे ताहितीतही जुन्या पूजास्थानांभोवती हेच झाड राखले जाई. समुद्राच्या दोन टोकांची माणसे, एकमेकांना न विचारता, एकाच झाडाखाली देव मांडतात, ही गोष्ट आम्हांला विचार करण्याजोगी वाटते.

कोकणात मात्र उंडीला देवापेक्षा दिव्याशी अधिक काम पडे. पिकलेली फळे झाडाखाली पडत. वटवाघळे वरचा गर खाऊन बिया टाकत. बायकामुले त्या गोळा करीत. बी फोडून काढलेल्या ताज्या गरात तेल फारसे दिसत नाही. तो उन्हात महिना-दीड महिना वाळवला, तांबूस पडू दिला, म्हणजे त्याला तेल सुटते. वाळल्या गराच्या वजनात निम्म्याहून अधिक तेल असते. घाण्यावर ते काढीत. रंगाने काळपट हिरवे, दाट, कडू आणि उग्र वासाचे. खाण्याच्या कामाचे ते नाही. पोटात गेले तर अपाय होतो. पण पणतीत जळे, सांध्यांना चोळले जाई, आणि होडीच्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून तिच्या अंगालाही फासले जाई. झाड एकच, त्याच्या लाकडाची होडी, त्याच्या तेलाने तिचे रक्षण, आणि तिच्या खलाशाच्या घरी संध्याकाळी त्याच तेलाचा दिवा.

पुढे रॉकेल आले, मग वीज आली, आणि उंडीचे तेल विझले. ह्यात दुःख करण्यासारखे आम्हांला काही दिसत नाही. ज्या बाईने महिनाभर बिया वाळवून, फोडून, घाण्यावर नेऊन दिवा लावला, तिला बटण दाबून दिवा लागला तर तिने हायसे वाटून घ्यावे हेच योग्य. गंमत एवढीच, की ते तेल आता दुसऱ्या दाराने परत येत आहे. ताहितीतल्या लोकांचे ह्या झाडाला नाव तमानू. तमानू तेल म्हणून लहानशा बाटलीत भरून, तोंडाला लावायला, ते मोठ्या किमतीला विकले जाते. आजीने गुडघ्याला चोळलेले कडू तेल नात गालाला लावते आणि तिला ते परदेशी वाटते. इंडोनेशियात आणि आपल्याकडेही ह्या तेलापासून डिझेलसारखे इंधन करण्याचे प्रयोग झाले आहेत. पण आजचा आमचा विषय तेलाचा नाही, सावलीचा आहे.

आता कोणी विचारील, की रहाटणीचा आणि समुद्राचा संबंध काय? आपल्याकडे पवना नदी आहे, कोकणे चौक आहे. पण त्या चौकात उभे राहून कितीही कान दिला तरी लाटांचा आवाज ऐकू येत नाही. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचावर, काळ्या खडकावर बसलेलो आहोत. मग समुद्रकाठचे झाड इथे का?

पहिले उत्तर असे, की ती झाडे इथे आधीच आलेली आहेत. करंज पाहा. नदीकाठी, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, सगळीकडे करंज आहे. आणि तो मूळचा समुद्रकाठचा व नदीमुखाचा रहिवासी आहे, त्याच्या शेंगाही पाण्यावर तरंगतात. देशी बदाम पाहा. ज्याच्या लाल पानांत आणि तंतुमय फळांत आपली शाळेतली मधली सुट्टी गेली, तोही समुद्रकाठचाच. भेंड, ज्याला पारोसा पिंपळ म्हणतात, ज्याचे पिवळे फूल संध्याकाळी तांबूस होऊन पडते, तोही तिथलाच. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, त्यामागून आणखी कारखाने आले, १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. ह्या सगळ्या काळात कोकणातून माणसे घाट चढून इथे आली. त्यांनी घरामागे एकेक माड लावला. माड आला, बदाम आला, करंज आला. उंडी तेवढी मागे राहिली. ती का राहिली याचे कारण साधे आहे. ती सावकाश वाढते, आणि पोटापाण्यासाठी आलेल्या माणसाला सावकाश वाढणारे झाड परवडत नाही. दोन-तीन वर्षांत भाड्याची खोली बदलायची असते.

दुसरे उत्तर थोडे लांबचे आहे, पण आम्हांला तेच महत्त्वाचे वाटते. समुद्रकाठच्या झाडाला निसर्ग कशाची सवय लावतो? वाळूची, म्हणजे पोषण नसलेल्या जमिनीची. सतत सुटलेल्या वाऱ्याची. अंगावर उडणाऱ्या खाऱ्या तुषारांची. आणि वरून खालून भाजणाऱ्या उन्हाची, कारण वाळू उन्हात तापते आणि पाण्यावरून ऊन उलटून येते. आता आपल्या नव्या वसाहती पाहा. बांधकाम संपते तेव्हा जमिनीत माती उरत नाही. राडारोडा, सिमेंटचा चुरा आणि मुरूम उरतो. उंच इमारतींच्या फटींतून वारा पिसाटासारखा सुटतो. फरशी आणि काच ऊन उलटून टाकतात. बागेला पाणी मिळते ते बोअरचे, टँकरचे, नाहीतर सोसायटीच्या सांडपाण्यावर प्रक्रिया केलेले. त्यात क्षार असतात. म्हणजे आम्ही माणसांनी, समुद्र नसताना, समुद्रकाठच्या बहुतेक अडचणी इथे निर्माण करून ठेवल्या आहेत. उंडी पोवळ्यांच्या बेटांवर, निव्वळ चुनखडीच्या वाळूतही वाढते. सिमेंटच्या चुऱ्यातला चुना पाहून ती घाबरणार नाही. पानाच्या वरच्या मेणचट थरामुळे ती उन्हाला आणि क्षारांना दाद देत नाही. वर्षभर हिरवी राहते, एकदम पानगळ करीत नाही.

समुद्रकाठच्या झाडांचा हा काटकपणा बाग आखणाऱ्या धंदेवाल्यांच्या ध्यानात कधीच आला आहे. पण त्यांनी निवडले ते दुसरेच झाड. त्याचे नाव कोनोकार्पस. हे आफ्रिकेच्या शिंगाकडचे, सोमालिया-येमेनच्या किनाऱ्याचे आणि तिथल्या कोरड्या नदीपात्रांचे झाड. खारे पाणी चालते, ऊन चालते, कात्री चालते, आणि वाढ इतकी झपाट्याची की दोन वर्षांत कुंपणाच्या वर हिरवी भिंत उभी. कराचीत ते मोठ्या प्रमाणावर लावले गेले, आखाती देशांत लावले गेले, गुजरातेत लावले गेले, आणि आपल्या वसाहतींच्या कडेलाही त्याच्या कापूनकुपून चौकोनी केलेल्या रांगा तुम्ही पाहिल्या असतील. मग तक्रारी सुरू झाल्या. मुळे पाण्याच्या शोधात गटारांत, नळांत आणि जमिनीखालच्या तारांत शिरतात; फुलोऱ्याच्या परागांनी श्वासाचे विकार वाढतात. २०२३ साली गुजरातच्या वनखात्याने ह्या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. तेलंगणातही त्याची लागवड थांबवण्यात आली.

दोन्ही झाडे समुद्रकाठची, दोन्ही काटक. पण एकाचा काटकपणा घाईचा आहे आणि दुसऱ्याचा धीराचा. मिळेल ते पाणी, मिळेल त्या वाटेने, आजच्या आज ओढून घ्यावे, हा कोनोकार्पसचा बाणा. उंडी पाने जाड करते, खर्च कमी ठेवते आणि वाट पाहते. आम्ही हे झाडांच्या नीतीचे वर्णन करीत नाही. झाडांना नीती नसते. पण लावणाऱ्याला असते, आणि तो कोणत्या झाडाकडे हात करतो त्यावरून ती दिसते. एका सोसायटीच्या बैठकीला आम्हांला सल्लागार म्हणून बोलावले होते. तिथे चर्चा एका प्रश्नावर येऊन थांबली: पुढच्या दिवाळीपर्यंत हिरवे दिसेल असे काय आहे? आम्ही म्हटले, तसे असेल तर हिरवा रंग लावावा, तो चार दिवसांत वाळतो. आमच्या ह्या उत्तराने बैठकीत आमच्याविषयी फारसे चांगले मत झाले नाही.

असो. उंडीची बाजू आम्ही घेतली म्हणून तिच्या अडचणी झाकून ठेवणे बरे नाही. तिला पाऊस हवा. वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पडतो तिथे ती सुखाने राहते. कोकणात त्याच्या दोन-तीन पट पडतो. आपल्याकडे पुण्याच्या आसपास सातशेच्या मागेपुढे. ही उणीव आपल्याला हाताने भरून काढावी लागेल, निदान पहिली काही वर्षे. दुसरी अडचण थंडीची, आणि ती जास्त खरी. रत्नागिरीला थंडी म्हणजे अंगावर पंचा घेण्याइतकी. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो. हिमकण पडले तर उंडी मरते. ते आपल्याकडे सहसा पडत नाहीत, एवढे आपले नशीब. पण कोवळ्या रोपाला पहिले दोन-तीन हिवाळे जपावेच लागते. बंगळूर आपल्यापेक्षाही उंच, आणि तिथल्या बागांतून ही झाडे आहेत. तेव्हा उंचीपायी हात टेकण्याचे कारण नाही. एवढेच समजून असावे, की कोकणातल्याइतकी ती इथे वाढणार नाही. किनाऱ्यावर वीस मीटर जाणारी उंडी इथे दहा-बारा मीटरवर समाधान मानील, असे आमचे अनुमान आहे. शहराला तेवढे झाड पुरते. आम्ही तर म्हणू, शहराला तेवढेच झाड हवे.

तिसरी अडचण जमिनीची, आणि इथे थोडे थांबले पाहिजे, कारण रहाटणीच्या जमिनी एक जातीच्या नाहीत. नदीच्या बाजूला जुन्या शेतांची गाळाची आणि काळी जमीन आहे. वरच्या अंगाला पातळ मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली पाषाण. काळी जमीन पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते. ह्या दोन्ही गोष्टी वाळूत वाढलेल्या मुळांना मानवत नाहीत. मुरमात खड्डा घेतला तर तो दगडाच्या रांजणासारखा होतो: पावसाळ्यात भरतो, पाणी बाहेर जात नाही, मुळे कुजतात. रोप जळाले की माणसे म्हणतात, समुद्राचे झाड इथे कसे जगेल? समुद्राचा त्यात काही दोष नसतो. ते रांजणात बुडून मेलेले असते.

म्हणून खड्डा. मीटरभर लांब, तितकाच रुंद, तितकाच खोल, याहून कमी नको. वीतभर खड्डा खणून, रोप खोचून, छायाचित्र काढून निघून जाण्याची जी पद्धत अलीकडे पडली आहे तिला वृक्षारोपण म्हणण्याऐवजी दुसरे काही नाव शोधावे. खड्डा उन्हाळ्यात घ्यावा आणि तापू द्यावा. मुरूम लागला तर तळ पहारीने फोडून ठेवावा, आणि एकदा त्यात दोन घागरी पाणी ओतून पाहावे. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच असेल तर ती जागा सोडावी, किंवा एका बाजूने चर काढून पाण्याला वाट द्यावी. भरताना पोयट्याची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि जाड वाळू मिसळून घ्यावी. काळ्या जमिनीत वाळू सढळ हाताने घालावी आणि रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडे उंचवट्यावर बसवावे.

रोप आणायचे तर एक-दोन वर्षांचे, पिशवीतले आणावे. आठ-दहा फुटी झाड उपटून आणून उभे करण्याचा सोस उंडीच्या बाबतीत धरू नये. मुळे दुखावली की ती वर्ष-वर्ष बसून राहते. त्याहून चांगले म्हणजे बी स्वतः रुजवणे. कोकणात कोणाचे नातेवाईक नाहीत असे घर पिंपरी-चिंचवडात शोधून काढावे लागेल. त्यांना सांगावे, की उंडीखाली वटवाघळांनी साफ करून टाकलेल्या ताज्या बिया पाठवा. बी जुने होऊ देऊ नये. ते फार दिवस टिकत नाही. आणि इथे एक युक्ती आहे. कवचासकट बी पेरले तर उगवायला जवळजवळ दोन महिने लागतात. कवचाला हलकेच तडा दिला तर सव्वा महिना. आणि कवच अगदी काढून टाकले, आतल्या बीला धक्का न लावता, तर तीन आठवडे पुरतात. म्हणजे ज्या कवचाने समुद्र ओलांडताना बीचे रक्षण केले, तेच जमिनीवर आल्यावर त्याचा वेळ खाते. लहान हातोडी, सपाट दगड आणि घरातले एखादे सावध मूल एवढे साहित्य ह्या कामाला पुरते. रोप पहिले काही महिने अर्ध्या सावलीत ठेवावे; लहानपणी त्याला थोडी सावली चालते, मोठेपणी मात्र पूर्ण ऊन लागते.

लावणी पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर करावी. आळे मोठे करावे आणि त्यात पालापाचोळा घालावा. उन्हाळ्यात ह्या आच्छादनाने जे काम होते ते रोजच्या पाइपाने होत नाही. पहिले तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा, पोटभर पाणी. रोज थोडे थोडे शिंपडले तर मुळे वरच्या वर राहतात आणि पुढे पहिल्याच सुट्टीत घरची माणसे गावाला गेली की झाड मान टाकते. डिसेंबरात पहाटेच्या थंडीला जुने गोणपाट, गवताचा आडोसा, काहीही चालेल. काठीचा आधार द्यावा, पण दोरी सैल ठेवावी. खोड थोडे हलले म्हणजेच ते भरते. शेंडा छाटू नये. उंडीची ठेवण गोल आणि दाट असते. कात्री हाती असलेल्या माळ्याला तिचा गोळा करायचा मोह होतो, तो आवरावा. फांदी कापलीच तर जो चीक येतो तो डोळ्यांत जाऊ देऊ नये, फार आग होते.

जागा कुठली? पदपथावर नको. फळे गोल आणि टणक असतात. संध्याकाळच्या अंधारात फिरायला निघालेल्या आजोबांच्या पायाखाली गोटीसारखे फळ आले तर ते आजोबा उंडीला, आणि तिचे व्याख्यान देणाऱ्यालाही, क्षमा करणार नाहीत. मोटारी उभ्या करतात तिथेही नको. भिंतीपासून आणि गटारापासून निदान पाच-सहा मीटर दूर. रस्त्याच्या कडेलाच झाड हवे असेल तर भेंड लावावा. तो लवकर वाढतो, मोठ्या फांदीपासूनही लागतो, जरी बियांपासून केलेले झाड अधिक निकोप निघते. उंडीला मैदानाचा कोपरा, बागेचा मध्य, शाळेचे आवार, देवळाचा परिसर, नदीकाठची मोकळी पट्टी असे काही द्यावे, जिथे तिच्या फांद्या खाली वाकून पसरल्या तरी कोणाची वाट अडणार नाही.

आणि तिच्या बुंध्याशी फरशी नको. ही गोष्ट आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण आपल्या शहरात झाडे पाण्यावाचून मरतात त्याहून अधिक ह्या फरशीने मरतात असा आमचा समज होत चालला आहे. बुंध्याला चिकटवून सिमेंटचे ठोकळे बसवायचे, वर कट्टा बांधायचा, रंग द्यायचा, आणि त्याला सुशोभीकरण म्हणायचे! जुन्या गावांतही पिंपळाला पार असे, पण तो दगडमातीचा असे; त्याच्या सांध्यांतून पाणी जाई, मुंग्या जात, हवा जाई. किनाऱ्यावरच्या वाळूत ज्या मुळांना सदैव हवा मिळाली, त्यांना सिमेंटखाली कोंडले तर खारा वारा आणि वादळे सोसणारे झाडही दहा वर्षांत वाळते.

वेळेचे काय? पहिले फूल पाहायला कोकणात सात-आठ वर्षे लागतात. इथे दहा धरावीत. खाली चार माणसे बसतील अशी सावली व्हायला पंधरा. ही संख्या ऐकून ज्यांनी आता खुर्ची सरकवली त्यांना आम्ही एक आठवण करून देतो. ज्या फ्लॅटचे हप्ते आपण भरतो आहोत, ते बहुतेकांचे वीस वर्षांचे आहेत. वीस वर्षांचे कर्ज काढताना आपण दचकलो नाही. पंधरा वर्षांच्या सावलीला का दचकावे? नागरी भागांतल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आपल्या राज्यात १९७५ साली झाला. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा म्हणून वेगळे संरक्षण मिळाले, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी रोपे लावावीत असा नियम आला. नियम चांगला आहे. पण चाळीस वर्षांच्या एका झाडाबद्दल चाळीस रोपे लावायची, आणि ती चाळीसही दोन वर्षांत उंच होऊन सातव्या वर्षी गटारात शिरणाऱ्या जातीची, तर वयाचा हिशेब कागदावर जुळतो आणि पन्नास वर्षांनी वारसा म्हणून दाखवायला एकही झाड उरत नाही. कोणत्या जातीचे रोप लावले याची विचारपूस नागरिकांनी करायची आहे. ती कायद्याकडून होणार नाही. आपापल्या सोसायटीत, आपापल्या प्रभागात, पावसाळ्याआधी एकदा जाऊन विचारावे: यंदा काय लावणार आहात, आणि खड्डा केवढा घेणार आहात?

ह्या बैठकीनंतर बाहेरच्या टेबलावर उंडीची काही पाने ठेवली आहेत. ज्यांना पाहायची आहेत त्यांनी दिव्याकडे धरून पाहावीत. शेजारच्या परडीत बिया आहेत, ताज्या आहेत, आणि मोजून साठ आहेत. एका घराने एकच न्यावी. पिशवीवर पेरल्याची तारीख लिहून ठेवावी, म्हणजे तीन आठवड्यांनी उगवले नाही तर आम्हांला बोल लावण्याआधी कवच नीट निघाले होते की नाही हे पाहता येईल.